देशमाने वकिलांच्या नावाचा पुकारा

जमलेल्या समद्यांना नमस्कार. देशमाने वहिनी, तुमी मला बोल म्हणलात, म्हणून बोलतो. हिंगोलीच्या बाजारात दिवसभर ओरडणारा मी माणूस. पण भाषण कवा केलं न्हाई.

मी हळदीचा अडत्या. शेतकऱ्याची हळद विकून देतो. कर खात्याची नोटीस आली. हळद उकडली, वाळवली, घासली, म्हणजे ती शेतमाल राहिली न्हाई. कर भरा, वर दंड भरा. बँकेचं खातं गोठवलं. दुकानाला कुलूप लागायची पाळी आली. देशमाने वकीलसाहेबांकडं गेलो अन् इचारलं, मला जेलात टाकतील का. साहेब म्हणले, "काहून भेता? चोरी केली का?"

म्हणलं, "न्हाई."

"मग तुमी बसा. मी उभा हाये."

व्यापाऱ्यांनो, तुमाला बी हेच म्हणले असतील. अन् सुनावणीच्या आदल्या दिवशी साहेब सवताच कर अधिकारी बनायचे. समोर बसवून असे आडवे सवाल करायचे की डोकं फिरायचं. मी एकदा चिडलोच. म्हणलं, "साहेब, ओली हळद ठेवली तर सडती. उकडू न्हाई तर काय करू?" तर हसले. म्हणले, "आता बराबर बोललात. उद्या ह्याच रागानं बोला."

मागच्या आठवड्यात अपिलाची सुनावणी. एसटीतच साहेबांच्या छातीत कळ निघाली. म्हणलं, उतरू, दवाखान्यात जाऊ. "आज हजर न्हाई झालो तर एकतर्फी निकाल लागंल. तुमचं दुकान जाईल," म्हणले. ऐकलंच न्हाई. ऑफिसच्या वऱ्हांड्यात बाकावर बसलो. उन्हं कलली तरी नंबर न्हाई. मग आमच्या नावाचा पुकारा झाला. साहेब उठले न्हाईत. मी हलवलं. न्हाई उठले.

काय घाई होती हो साहेब? दुकान गेलं असतं तर गेलं असतं. वहिनी, तुमच्याकडं बघायची हिंमत होत न्हाई.

अधिकाऱ्यांनी पुढली तारीख दिली. दुसरा वकील आणा म्हणले. वकील मिळंल. पण ह्या बारीला मीच बोलणार हाये, त्याच रागानं.

आता समद्यांनी उठा. घटकाभर कुणी बोलू नका.

वकीलसाहेब, तुमी बसा. आमी उभे हावोत.