चंपीचं गिऱ्हाईक

दुकानदाराची जीभ घरी आल्यावरही दुकानातच असते, आणि त्यापायी मी एकदा चांगलाच तोंडघशी पडलो.

रस्त्यावर जखमी झालेल्या कुत्र्यांना नवं घर मिळेपर्यंत आम्ही नवराबायको आमच्याकडे सांभाळतो. तेव्हा चंपी होती. मागच्या पायानं लंगडी, म्हणून चार महिन्यांत तिला बघायलासुद्धा कुणी आलं नव्हतं. शेवटी कुसगावच्या एक मावशी आल्या. चंपी सरळ त्यांच्या पायाशी जाऊन बसली आणि मावशी तिची मान खाजवू लागल्या. काम झाल्यातच जमा होतं, पण मला राहवेना. चिक्कीच्या दुकानात पर्यटकांना रोज ऐकवतो, तेच तोंडून निघून गेलं.

"मावशी, लवकर ठरवा. पुण्याची एक पार्टी संध्याकाळी हिलाच न्यायला येतेय."

हे ऐकलं की पर्यटक लगेच पाकीट काढतो. मावशी मात्र उठल्या आणि चपला घालू लागल्या.

"मग त्यास्नीच द्या, भाऊ. एवढ्या लांबनं यायचं आन् कुत्री गेल्याली, बरं दिसतं व्हय? मी बघीन दुसरं."

मी फाटकापर्यंत त्यांच्यामागे पळालो. "अहो मावशी, कुणीसुद्धा येत नाहीये. सवयीनं बोलून गेलो."

मावशींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग मागे फिरून चंपीला उचललं.

"चल बाई," त्या तिला म्हणाल्या, "हितं ऱ्हायलीस तर तूबी थापा मारायला शिकशील."