जाळी काढायला कोणी सांगितली

(असल्फा, घाटकोपर. १९८५. रविवारची दुपार. नाना, त्यांची बायको नलिनी आणि शेजारच्या चाळीतला सहदेव. टेबलावर वही, आणि टाईप केलेला एक कागद.)

सहदेव : म्हणजे तो बोलला तेव्हा 'आहे', आणि मी दुसऱ्याला सांगताना त्याचं 'होतं' करायचं?

नाना : हो. अनंत म्हणाला, आय ॲम टायर्ड. तू सांगणार, अनंत सेड दॅट ही वॉज टायर्ड.

सहदेव : आणि तो अजून दमलेलाच असला तर?

नाना : तरी वॉज. म्हणजे, पुस्तकात तसं आहे. मी कोर्टात स्टेनो होतो रे, मास्तर नव्हे. माझं कुठे चुकत असेल तर...

नलिनी : झालं यांचं सुरू. आठ रविवार तो पोरगा येतोय आणि आठही रविवार तुम्ही त्याला हेच सांगताय की तुम्हाला येत नाही. सहदेव, चहात साखर कमी पडलीय, चालेल ना?

सहदेव : चालेल काकू.

नाना : आता तुझ्या कामावरचं एखादं वाक्य घेऊ. अनंताला बसू दे दमून. उद्याचं काय लिहायचंय म्हणालास?

सहदेव : हा कागद. उद्या अकरा वाजता चौकशी आहे ना खंडूची. मला साक्षीदार केलंय. ऑफिसनं टाईप करून दिलंय, नुसती सही मारायची. पण मी साहेबांना म्हटलं, मी माझ्या अक्षरात लिहून आणतो. साहेब खूश. म्हणाले, इंग्लिशमध्ये रिपोर्ट लिहिता आला तर एक तारखेपासून चार्जहँड.

नलिनी : चार्जहँड म्हणजे?

सहदेव : पत्रा दाबायच्या प्रेसवर बसायचं नाही. सोळा माणसं हाताखाली. वेगळा कोट मिळतो, खाकी.

नाना : बघू कागद. ॲक्सिडेंट टुक प्लेस बिकॉज... हं. कळतंय ना तुला हे?

सहदेव : बिकॉज म्हणजे कारण. खंडूनं प्रेसची जाळी काढली, त्याच्यामुळे बोटं गेली.

नाना : जाळी म्हणजे?

सहदेव : प्रेस खाली येतो ना, त्याच्या पुढ्यात लोखंडी जाळी असते. हात आत जाऊ नये म्हणून. जाळी असली की पत्रा चिमट्यानं सरकवावा लागतो, वेळ जातो. जाळी नसली की हातानं सटासट.

नाना : आणि खंडूनं ती काढली.

सहदेव : हो. त्यानंच काढली. पान्यानं. सगळ्यांनी बघितलंय.

नाना : ठीक. मग तुझं वाक्य कर. कारणाचं.

सहदेव : खंडू लॉस्ट टू फिंगर्स बिकॉज ही रिमूव्हड द गार्ड. बरोबर?

नाना : झकास. एकही चूक नाही.

नलिनी : तुम्ही झकास म्हणालात? चाळीत सांगायला हवं.

नाना : आता कसंय सहदेव, कारणाच्या मागे आणखी एक कारण असतं बहुतेक. सरावासाठी म्हणून विचारतो. हीच वाक्यं एकाला एक जोडत जायचं. ही रिमूव्हड द गार्ड बिकॉज... बिकॉज काय?

सहदेव : बिकॉज... काम लवकर व्हावं म्हणून.

नाना : त्याला वाटलं तसं?

सहदेव : लिहा ना तसंच. ही वॉन्टेड स्पीड.

नाना : स्पीड कोणाला हवा होता? नाही, मी आपलं विचारतोय. तुझ्या कारखान्यातलं मला काय कळतंय.

सहदेव : साहेबांना. ऑर्डर अडकलेली. तीन दिवस आरडाओरडा चाललेला.

नाना : मग इथे मघाचा धडा पण वापरता येईल. साहेब काय म्हणाले?

सहदेव : साहेब म्हणाले, टेक आऊट द गार्ड, पुट इट बॅक ऑन सॅटरडे.

नाना : आता ते तू तिसऱ्याला सांग.

सहदेव : साहेब सेड... साहेब टोल्ड... कोणाला म्हणून लिहायचं?

नाना : ज्याला सांगितलं त्याला. खंडूला ना?

सहदेव : नाना, ते आपल्याला नकोय. कागदात नाहीच आहे ते. आपण हे टाईप केलंय तेवढंच करू या ना.

नलिनी : मला काल शकु भेटली, बाजारात.

सहदेव : खंडूची बायको?

नलिनी : हो. कोथिंबीर निवडत होती, पण लक्ष नव्हतं तिचं. मी विचारलं खंडू कसा आहे. म्हणाली, हात बरा होतोय, माणूस बरा होत नाही. सारखा एकच म्हणतो, जाळी मी माझ्या मनानं काढली. साहेबांसमोर पण तेच बोलून आलाय. ती म्हणाली, अहो, तुम्ही कधी मनानं एक स्क्रू काढला नाहीत, आणि आता मनानं कसं?

नाना : मग?

नलिनी : मग तो तिच्यावर ओरडला. म्हणाला, सहदेवच्या घरी जायचं नाही. त्याला काही विचारायचं नाही. त्याचं चार्जहँडचं चाललंय.

नाना : असं म्हणाला?

नलिनी : मी माझ्या पदरचं काही सांगत नाही. तुमच्यासारखं वॉज-बिज मला करता येत नाही, पण शब्द तेच.

नाना : सहदेव, चहा गार होतोय.

सहदेव : हो.

नाना : आपण इथेच थांबू आज. हवं तर.

सहदेव : साहेबांना मराठी येत नाही, हिंदी मोडकंतोडकं. त्यामुळे मीच लागतो. ते मला सांगतात, मी प्रेसवर जाऊन सांगतो. दहावी झालेला मी एकटाच ना त्या खात्यात. गिरणी बंद पडल्यावर मी वर्षभर घरी होतो, तेव्हा खंडूनंच मला मरोळला या कारखान्यात चिकटवलं. तो म्हणाला होता साहेबांना, हा शिकलेला आहे.

नाना : मग जाळी काढ म्हणून तू जाऊन सांगितलंस.

सहदेव : निरोप दिला. मी नुसता निरोप दिला नाना.

नाना : बरोबर आहे. निरोपच तो. कसा दिलास? म्हणजे शब्द काय होते?

सहदेव : काय असणार. खंडू, जाळी काढ. शनिवारी परत लावू.

नाना : साहेब म्हणाले, असं म्हणालास?

सहदेव : नाही.

नलिनी : का रे?

सहदेव : साहेबांचं नाव घेतलं की तो अडून बसतो काकू. म्हणतो लिहून आणा. गिरणीतली खोड. मी माझं म्हणून सांगितलं की ऐकतो. त्यानं विचारलं पण, तू सांगतोस का? मी म्हटलं, हो, मी सांगतोय. तो हसला. म्हणाला, मग काढतो.

नलिनी : अरे देवा.

सहदेव : साहेब आता म्हणतात त्यांनी तसं काही सांगितलंच नाही. परवा केबिनमध्ये मी पण खाली मान घालून उभा. खंडू माझ्याकडे बघत होता, आणि मग तोच म्हणाला, माझ्या मनानं काढली. उद्या त्याला काढून टाकतील. माझ्या सहीनं.

नाना : मी तुला काही सांगावं असा माणूस नाही सहदेव. सव्वीस वर्षं कोर्टात काढली. साक्षीदार पानभर बोलायचा. जज्जसाहेब त्याच्या चार ओळी करून सांगायचे, मी त्या चार ओळी टाईप करायचो. कधीकधी नेमकं जे हवं तेच गळायचं. मला दिसायचं ते. एकदाही तोंड उघडलं नाही. घरी येऊन हिला सांगायचो.

नलिनी : आणि मी म्हणायचे, मला काय सांगता, तिथे सांगा.

नाना : म्हणायची. म्हणून मी तुला सांगणार नाही. तू म्हणशील तर हे टाईप केलेलं तुझ्या अक्षरात नीट उतरवून घेऊ. माझं काम इंग्रजीचं. व्याकरणात त्याच्यात काही चूक नाही.

सहदेव : दुसरं लिहिलं तर चार्जहँड गेलं.

नाना : जाईल.

सहदेव : नोकरी पण जाईल कदाचित. बायकोला सातवा महिना आहे.

नाना : हो रे. ते मला माहीत आहे.

नलिनी : खंडू बोटं गमावून बसलाय आणि तुझ्या चार्जहँडची काळजी करतोय. मी एवढंच बोलते, मग आत जाते.

सहदेव : ...पेन द्या नाना. हे नको, हे गळतं. ते दुसरं.

नाना : घे.

सहदेव : ऑन ट्यूसडे, द मॅनेजर टोल्ड मी टू रिमूव्ह द गार्ड. बरोबर?

नाना : बरोबर.

सहदेव : आता पुढचं. मी खंडूला सांगितलं. ते कसं करायचं?

नाना : आय टोल्ड हिम.

सहदेव : एवढंच?

नाना : एवढंच. तीन शब्द.

सहदेव : साहेबांचं नाव घेतलं नाही, हे पण लिहू?

नाना : ते तू ठरव. इंग्रजी मी देईन.

सहदेव : लिहितो. ...ही रिमूव्हड द गार्ड बिकॉज... बिकॉज ही ट्रस्टेड मी. चालेल ना असं? कारणात असलं काही चालतं?

नाना : मला वाटतं चालतं. हो. चालतं.

सहदेव : स्पेलिंग बघा एकदा.

नाना : एक यू राहिलाय. बाकी ठीक.

नलिनी : सहदेव, मी आता पाण्याला जाते, शकु नळावर असेलच. तिला सांगू का तू काय लिहिलंस ते? तेवढाच त्यांना धीर.

सहदेव : नको काकू. निरोप नको. मी जाऊन सांगतो खंडूला.