झुंबरबाईचा हक्काचा अर्ज

सन्माननीय अध्यक्ष गोरक्षनाथराव, व्यासपीठावर विराजमान झालेले न्यायखात्यातील अधिकारी, माझे वकीलबंधू, पुढच्या रांगेत संकोचून बसलेल्या गनीभाईंच्या पत्नी मुबारकबी भाभी, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपले अर्जनवीस गनीभाई,

अध्यक्षांनी मला पाच मिनिटे दिली आहेत. वकिलाला पाच मिनिटे पुरल्याचे आपल्यापैकी कोणी ऐकले आहे काय? तरी प्रयत्न करतो.

अठ्ठावीस वर्षे गनीभाई नगरच्या कोर्टाच्या पायरीशी चटई टाकून लोकांचे अर्ज लिहीत बसले. आता नजर अधू झाली, म्हणून घोडेगावला लेकीकडे चालले आहेत. त्यांच्या मोत्यासारख्या अक्षराची स्तुती आधीच्या वक्त्यांनी केलीच. मी मात्र त्यांनी मला कसे हरवले ते सांगणार आहे. हसताय काय गनीभाई? आज तुमचा सत्कार आहे, जरा गंभीर बसा!

चव्वेचाळीस सालचा गळिताचा हंगाम. पुणतांब्याची झुंबरबाई एका साखर कारखान्यात गव्हाणीवर होती. म्हणजे यंत्राकडे ऊस ओढून नेणाऱ्या साखळीवर मोळ्या टाकायचे काम. कामाला ठेकेदाराने लावलेली. एका दुपारी लुगड्याचा पदर साखळीत गेला आणि तो सोडवताना उजवा हात सापडला. अंगठा गेला, दोन बोटे गेली. कारखान्याच्या दवाखान्यात पट्टी झाली. जखम सुकायच्या आत ठेकेदार मुलूख सोडून पसार!

तिचा नवरा कारभारी तिला घेऊन मॅनेजरकडे गेला. मॅनेजर म्हणाले, "बाई आमच्या मस्टरवर नाही. ठेकेदाराला गाठा." हे वाक्य मॅनेजरना कोणी पढवले होते? मीच. कारखान्याचा वकील मी होतो.

दोघे नगरला आले. एका वकिलाने सांगितले, ठेकेदारावर दिवाणी दावा लावा. पण आधी तो सापडला पाहिजे. दुसऱ्याने सांगितले, मॅनेजरचे पाय धरा. म्हणून ती दोघे गनीभाईंच्या चटईवर येऊन बसली.

"चाचा, दयेचा अर्ज ल्ह्या," झुंबरबाई म्हणाली.

गनीभाईंनी दौत उघडलीच नाही. विचारले, "बाई, मोळ्या टाकायचं बंद केलं तर कारखाना चालंल का?"

"कसा चालंल? ऊसच न्हाई गेला तर साकर कुठनं हुईल?"

"मग दया कशापायी? आपण हक्काचा अर्ज लिहू."

कामगारांच्या नुकसानभरपाईच्या कायद्यात बारावे कलम आहे. मालकाने आपल्या धंद्यातलेच काम ठेक्याने दिले, तर जखमी माणसाची भरपाई आधी मालकाने द्यायची आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायची. मला ते ठाऊक नव्हते काय? चांगले ठाऊक होते. दुसऱ्या कोणाच्या लक्षात येऊ नये, एवढीच माझी प्रार्थना होती.

अर्ज दाखल करतानाच अडले. कारकून म्हणाला, "बायकांचा उजवा अंगठा लागतो, डावा चालणार नाही." गनीभाई नम्रपणे म्हणाले, "साहेब, उजवा गेला म्हणूनच तर अर्ज आहे." सगळी कचेरी हसली. कारकुनाने मुकाट्याने डावा अंगठा घेतला.

सुनावणीला, या कायद्याखालचे भरपाई-कमिशनर म्हणून बसलेल्या जज्जसाहेबांच्या परवानगीने, बाईच्या वतीने गनीभाईच उभे राहिले. मी ठणकावून सांगितले, "ही बाई त्या दिवशी गव्हाणीवर होती याला पुरावा काय?"

गनीभाई म्हणाले, "कारखान्याच्या दवाखान्याचं रजिस्टर मागवावं."

ते रजिस्टर माझ्या पायाशी पिशवीत होते. मी ते वाचलेही होते. हरवले म्हणावे की मागवतो म्हणून तारीख घ्यावी, असा माझा विचार चालला होता. तेवढ्यात झुंबरबाई बोलली, "वकीलसायेब, म्या तिथं हुते, तुमाला ठावं हाय. मला खोटी म्हना, पर ह्या हाताला खोटं म्हनू नका." आणि तिने फडके सोडून हात माझ्यासमोर धरला.

सभ्य गृहस्थहो, त्या क्षणी मला जुन्या निकालांतली एकही नजीर आठवेना. मी पिशवीत हात घातला. माझा तर धडधाकट होता. रजिस्टर टेबलावर ठेवले. त्यात लिहिले होते, 'ठेकेदाराची बाई, गव्हाणीवर हात सापडला.'

भरपाईचा हुकूम झाला. कारखान्याने ती कोर्टात भरली आणि लगोलग वकील बदलला. झुंबरबाईने त्यातून म्हैस घेतली. आता डाव्या हाताने धार काढते आणि म्हणे तिची म्हैस दुसऱ्या कोणाला कासेला हात लावू देत नाही!

त्यानंतर ठेक्यावरचा कोणी जखमी माणूस माझ्याकडे आला की मी त्याला पायरीकडे बोट दाखवत असे. उद्यापासून बोट कुठे दाखवू? चार दिवस विचार केला, आणि या सभेत जाहीर करतो, अशा माणसांचे अर्ज यापुढे मी लिहीन. माझे अक्षर वाईट आहे, पण कलम पाठ आहे.

संयोजकांनी बोलायची संधी दिली, आपण सर्वांनी शांतपणे ऐकले, त्याबद्दल ऋणी आहे. पाच मिनिटांची दहा झाली, ती अध्यक्षांनी पोटात घालावीत. कायद्यात काही चुकले असेल तर गनीभाई इथेच बसले आहेत, ते दुरुस्त करतील. आणि त्या दिवशी पिशवीकडे हात जायला जो उशीर झाला, त्याची माफी मी, गनीभाई, आज चार लोकांत तुमच्याकडे मागतो.