सुंदरीच्या शाळेचा बाक

— आवो भुईवर कशाला बसताय सायेब, बाक हाय की. घरात शाळा भरती म्हटल्यावर बाक नको व्हय? बसा. गिरजा, तालुक्यावरनं, जोयड्यासनं सायेब आल्यात, कोकमाचं पाणी आण — ही माझी बायको, सुंदरीची अव्वा. लाजती जरा. आन मी झिलू, पर तुमी तर नाव इचारतच आलासा, तवाच वळखलं मी. पोरीला घरीच शिकवतोय म्हणून तालुक्याच्या हापिसात लिवून देऊन आलोय न्हवं, तवापास्नं वाट बघतोय. मागल्या खेपंला एक प्यांटवाला बघून असाच फसलो — म्हशीस्नी टोचणारा निघाला त्यो. निम्मा दिवस त्येला पोरीचे पाढे ऐकवले, आन म्हस टोचायची ऱ्हाऊनच गेली. तुमी तसले न्हवं. तुमची नजर शाळेवरच हाय, आल्यापास्नं बाकावरनं हालली न्हाई.

का म्हणून घरी शिकवतो? सांगतो की. कुंभारवाड्याची शाळा डोंगराच्या पल्याड, मधी ओढा, पावसाळ्यात बैलबी पाय घालत न्हाई त्यात. म्हणून गेल्या साली जोयड्याला हॉस्टेलात घातली. तितं पोरीला करमंना. रडायची, जेवायची न्हाई — असं तिथल्या बाई म्हणायच्या. म्हंजी बाई न्हाई म्हणाल्या, मीच म्हणतो. दर बाजाराला जीपला लटकून जायचो आन खिडकीतनं बघायचो, तर ही बया मैत्रिणीसंगं लगोरी खेळतीया. मला म्हणती, अप्पा, रडू नको, सुट्टीला येती मी. आता लेकरानं असं बोलल्यावर बापानं काय करावं? उचलली आन आणली. सायेब, ती घरात नसली की मला घास उतरत न्हाई. हे नका लिवू. पोरीला करमत नव्हतं, येवढंच लिवा.

पर ती काय साधी हाय? आली त्या दिवशी अंगणात हुबी ऱ्हाऊन म्हणाली, घरी शिकीन, पर शाळा खरी पायजे. फळा पायजे, घंटा पायजे, आन बाक पायजे — हॉस्टेलातल्यासारखा, दोघी बसतील असला. बाक नसंल तर मी परत चालले. फळा केला दाराच्या फळीचा, घंटा बैलाच्या गळ्यातली काढली, बैल अजून रुसलाय. आन बाक ह्यो. पोरगी घरी शिकती, काय शिकती, समदं लिवून दिलं तालुक्याला. तिथला कारकून म्हणाला, शिकवणार कोण? मी म्हटलं, मी. चौथी पास हाय. त्यो हसला. हसू दे. पर जाताना म्हणाला, सायेब येऊन बघतील, पटलं न्हाई तर पोरीला परत हॉस्टेलात धाडाय लागंल — तवापास्नं झोप न्हाई मला. म्हणून म्हणतो, नीट बघा. घाई करू नका.

टेप काढलीसा? बाकाची लांबी मोजताय? मोजा, मोजा. शाळेच्या बाकाचंबी सरकारी माप असंल म्हणा. जाडीबी घ्या. अस्सल सागवान हाय, वाकणार न्हाई. लाकूड? सासऱ्यानं दिलं. गिरजा, अशी काय बघतीस? — सासऱ्यानं म्हंजी, त्येच्या शेताजवळच्या ओढ्याला वाहून आलं हुतं. पुराला. व्हय, सागवान पाण्यात बुडतंय म्हणा, पर पूरच तसला मोठा हुता. ऱ्हाऊ दे की सायेब लाकडाचं, पोरगी बघा. सुंदरी, ये हिकडं. सायेबास्नी वाचून दाखव. भिंतीवरलं क्यालेंडर वाच.

नको म्हणताय? मग काय वाचाय सांगू? बाकाच्या टोकाला? ते? ते अक्षर न्हवं सायेब, किडीनं खाल्लंय तितं. आवो, शेण कशाला पुसताय, हात घाण हुतील तुमचे — सुंदरी, ऱ्हाऊ दे ग. ऱ्हाऊ दे म्हटलं न्हवं —

वाचलं. ठोक्यानं मारलेला शिक्का, खालचा आकडा, समदं वाचलं. आन अडखळली न्हाई, बघितलासा न्हवं? काय म्हणतीस? अप्पानं येवढंच वाचायचं न्हाई म्हणून सांगितलंय? रस्त्यावर सरकारी लाकडाची थप्पी हाय, तिथल्या ओंडक्यावर असलंच लिवलेलं असतंय? — गप की ग बाई.

सायेब, तुमी शाळाखात्याचेच न्हवं?

फॉरेस्टाचे.

नवीनच आलासा व्हय हिकडं. तरीच वळखलं न्हाई. — व्हय. थप्पीतलाच ओंडका. मीच आणला, गिरजाला ठावं नव्हतं. म्हंजी ठावं हुतं, पर ती शिव्या देत हुती, शिव्या देणाऱ्यावर केस करता येत न्हाई. आता म्हणालो असतो बाक माझा न्हवं, घरात शाळाच न्हाई. ओठावर आलं हुतं. पर शाळा न्हाई म्हटलं तर पोरगी जोयड्याला जाती. म्हणून शाळा हाय. बाक तुमचा, शाळा माझी. न्ह्या त्यो. उद्या रेंजच्या हापिसात येतो मी, पळून जात न्हाई. पर तुमीबी सरकारच हाय न्हवं? तालुक्याला जाशीला तवा येवढं सांगा, पोरगी वाचती. तुमच्याच शिक्क्यावर वाचलंय तिनं, दुसऱ्या कुणाची साक्ष कशाला पायजे?

जरा थांबा. उचलू नका. सुंदरी… बाक चाललाय बाई. तू म्हणाली हुतीस, बाक नसंल तर — मला ठावं हाय काय म्हणाली हुतीस. दुसरा करीन, आंब्याच्या फळीचा. येळ लागंल. तंवर भुईवर बसशील?

…

बसली. बघितलासा सायेब? बसली.

आता जावा तुमी. शाळा भरलीया.