तात्यांच्या तळ्यावरच्या दोन जागा

"बाई, तुमी हे काढत न्हाई, तुमी लागवड करताय."

रंगनाथतात्या मला हे म्हणाले त्याला बारा वर्षं झाली. आज त्यांच्या शोकसभेला सगळा गाव या शाळेच्या पटांगणात बसलाय आणि मला दुसरं कुठलंच वाक्य आठवत नाही. काकू, गावकरी मंडळी, नगरहून आलेले आमचे विभागप्रमुख सर, माझा आवाज मध्येच बसला तर सांभाळून घ्या.

तेव्हाचं तळं आठवतंय ना? पाणी दिसायचंच नाही. या काठापासून त्या काठापर्यंत बेशरमीची झुडपं. माणूस आत शिरला तर हरवावा अशी. ती काढून तळं पुन्हा जिवंत करता येईल का, हाच माझ्या पीएच.डी.चा विषय होता. नगरच्या सावेडीहून स्कूटरवर यायचे. घरी दोन लहान मुलं, कॉलेजची नोकरी, डोक्यावर विद्यापीठाची मुदत. पहिल्या वर्षी मी मजूर लावून सगळी बेशरम कापली आणि काठावरच ढीग घातले. बांधावर बसलेले तात्या तेव्हा ते वाक्य बोलले. मला राग आला. मी माझं शिक्षण सांगितलं. ते नुसतं "बरं" म्हणाले.

पाऊस झाला आणि ढिगातल्या पेरापेराला मुळं फुटली. वर्ष गेलं. बेशरम दुप्पट झाली.

मंडळी, मी संशोधन सोडल्याचा अर्ज पर्समध्ये घेऊन त्यांचा निरोप घ्यायला आले होते. वाटलं, आता ऐकवतील. ऐकवलं नाही. ओसरीवर बसवलं आणि तुमच्यातल्या जुन्या माणसांना ठाऊक असलेली गोष्ट मला सांगितली. तळ्याकाठी पहिल्या कांड्या त्यांनीच लावल्या होत्या. जनावर तोंड लावत नाही, कुंपण फुकटात होतं, म्हणून पाहुण्यांच्या गावाहून सायकलवर बांधून आणल्या होत्या. मग गावाने त्यांच्याकडून मागून नेल्या.

"ही घाण मी आणली, बाई. ती काढल्याबिगर मला मरायचं न्हाई. तुमी गेल्या तर मी कुनासंगं काढू?"

सांगा, मी तो अर्ज कसा देणार होते?

पुढच्या उन्हाळ्यात पाणी आटल्यावर आम्ही तिघं चिखलात उतरलो. तात्या, मी आणि तात्यांच्या पत्नी, आपल्या हौसाकाकू. काकूंचं काम सगळ्यात अवघड. चिखलात कोपरापर्यंत हात घालून त्या राहिलेलं मूळ चाचपायच्या. उपटलेली झुडपं सांडव्याच्या तापलेल्या दगडांवर, मुळं वर करून. काकू तपासणार आणि त्या म्हणतील तेव्हाच पेटवायचं. एकदा मी घाई केली तर म्हणाल्या, "डाक्टर व्हायची घाई आसंल तर दवाखान्यात जा." तात्या इतके हसले की चिखलात बसलेच.

त्याच्या पुढच्या वर्षी तुम्ही गावकरी आलात. मग दर उन्हाळ्यात आलात. आणि मंडळी, आपण जिंकलो! माझा प्रबंध झाला, ते सोडा. तळं मोकळं झालं. काठाला पुन्हा लव्हाळा आला. गेल्या हिवाळ्यात हळदीकुंकू बदकं पिल्लं घेऊन फिरत होती, आणि तात्या येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून दाखवत होते. ज्या माणसाने बेशरम आणली, त्याच माणसाने ती शेवटच्या मुळासकट गेलेली पाहिली. असं भाग्य किती जणांना मिळतं? म्हणून आज मी रडणार नाही. तात्या, तुम्हाला ताठ मानेने नमस्कार करते.

आता सर, तुमच्याशी बोलायचंय. या तळ्यामुळे आपल्या विभागाला पीएच.डी.च्या दोन जागा मिळाल्यात, फेलोशिपसह. शेजारच्या गावांची तळी अजून बेशरमीने भरलेली आहेत. निवड नगरला होईल, गुण बघून. गुण माझेही चांगले होते, सर. पहिल्या वर्षी मी काय केलं ते आत्ताच सांगितलं.

म्हणून मुलाखती इथे घ्या, तळ्यावर. आणि निवड समितीत एक खुर्ची हौसाकाकूंना द्या. काकू चौथी शिकल्यात. सही सावकाश करतात, पण स्वच्छ करतात.

नियमात बसत नाही, मला माहीत आहे. तुम्ही मान हलवायला लागलाच आहात. तिकडे काकूही मला खाली बसायची खूण करतायत.

तरी या सगळ्या गावासमोर मागते. सर, काकूंना ती खुर्ची द्या.