सुताची पिशवी

—नाही अरुणाताई, लगेच आत नका जाऊ. पाणी भरतेय सरिता. बसा इथं ओट्यावर. तुमचं तिच्याशी बोलणं सुरू झालं की मला कोण विचारतं — माझ्याच खोलीतून मला बाहेर काढते. रात्रपाळी करून आलेला माणूस मी, ह्या मसाटच्या कारखान्यांच्या धुळीत उभा राहतो.

राग? कसला राग. तुमच्या ट्रस्टनं मुंबईत तिचं ऑपरेशन करवलं, छाती गेली पण माणूस राहिलं. आता डॉक्टरीणबाईंचं संशोधन — तसंच ऑपरेशन झालेली दुसरी बाई, तुमच्यासारखी, घरी येऊन बोलली तर फरक पडतो का. पडतो. सांगा त्यांना, भास्कर म्हणाला, पडतो. हसते ती तुमच्याशी. मी ऐकतो ना — मुद्दाम नाही, पत्र्याची भिंत आहे. मागच्या खेपेला डॉक्टरीणबाई स्वतः आल्या, त्यांनी विचारलं, काही दुखलंखुपलं तर पहिल्यांदा कोणाला सांगता? अरुणाताईंना, म्हणाली. चटकन. मी समोर बसलेलो, हातात बशी. नवऱ्याचं नाव घ्यायचं की, खोटं का होईना.

जखम तुम्ही बघितलीत. मी नाही. दिवाळीआधीचं ऑपरेशन, आता आंबे आले — अजून भिंतीकडे तोंड करून कपडे बदलते. दाखव असं मी म्हटलं नाही कधी. कसं म्हणायचं? तुम्ही कसं म्हणालात?

ती बाजरी भरलेली पिशवी, ब्लाउजच्या आत घालायची, तुम्हीच शिवून दिलीत ना? लाजताय काय, वाळत घातलेले कपडे मीच काढतो. चांगली होती. पण घामानं बाजरी फुगली, वास मारायला लागली, परवा किडे झाले. — सांगितलं नाही तुम्हाला? नाही? बघा. म्हणजे तुम्हालाही सगळं सांगत नाही ती.

बरं, हे घ्या. धरा की, चावत नाही. कारखान्यातलं टाकाऊ सूत, सुपरवायझरला विचारून आणलं. ह्याला कीड लागत नाही. पण नुसतं सूत हलकं, वर सरकतं — म्हणून मध्ये जुन्या बेअरिंगचे छर्रे बसवलेत, फडक्यात गुंडाळून. टोचणार नाहीत, मी स्वतःच्या छातीला बांधून अख्खी रात्रपाळी काढली. हसा. वजन? वजन अंदाजानं. इतकी वर्षं संसार केलाय ताई, मला अंदाज नसेल तर कोणाला — जाऊ द्या.

मी नाही देणार. मी दिली तर तिला कळेल की मला सगळं दिसतं, मग कपडेही माझ्या हाती लागू देणार नाही. तुम्ही द्या. ट्रस्टनं नवीन पाठवली म्हणा. तुमचं घेते ती. शिवण वाकडी आहे, म्हणा कोणा नव्या पोरीनं घातली. आणि नीट बसली का, तेवढं मला — नको. नका सांगू. ते तुमच्या दोघींतच राहू द्या.

नळ बंद झाला. माझ्याकडे काय बघताय? पदराखाली घ्या ती. जा.