लांब मारू की आडवा?

...आणि वर मलाच म्हणतात, भैरवी, तू टेन्शन फार घेतेस! अहो, मी कशाला घेऊ, घरपोच येतं ते! जेवायला बसलं की डावीकडे विल्यम अंकल, उजवीकडे त्यांची मुलगी नोरा, मधे मी आणि सुरमईचं कालवण, आणि बापलेकीचा अबोला, त्यामुळे सगळं बोलणं माझ्यातून जातं. ‘भैरवी, तिला सांग, मीठ सरकव.’ ‘भैरवी, डॅडींना सांग, मीठ त्यांच्यासमोरच आहे.’ मीठ कुठंय ते मलाही दिसतंय, पण मी सांगते! दोघांनाही सांगते! कारण मी या घरात पेइंग गेस्ट, आणि दोह्याच्या या अल मुंतझा भागात एकट्या मुलीला असं घरचं जेवण असलेली खोली मिळणं म्हणजे... जाऊ दे.

अबोला कशावरून? इस्टेटीवरून? लग्नावरून? छे! फुटबॉलवरून. तोही आपला नेहमीचा नाही, ऑस्ट्रेलियन. तुम्हाला सांगते, चेंडू अंड्यासारखा, मैदानही अंड्यासारखं, हातात घ्या, पायानं मारा, एकमेकींच्या अंगावर या, सगळं चालतं! गोलाला खांब चार. मधल्या दोन खांबांतून चेंडू गेला तर सहा पॉइंट, आणि कडेच्या फटीतून गेला तर एक. म्हणजे मारलास वाईटच, पण आता आलीच आहेस एवढ्या लांब तर घे बाई, असा दयेचा एक.

अंकल मूळ वसईचे, अर्धं आयुष्य मेलबर्नमध्ये नोकरी केली, तिथून हे वेड घेऊन दोह्याला आले आणि बायकांची टीम काढली. मी खोली बघायला गेले तर विचारतात, ‘धावता येतं?’ मला वाटलं, खोलीची अट आहे! ‘हो’ म्हणाले. मला ‘नाही’ म्हणताच येत नाही हो, लिफ्टचं दार वाजलं तरी दचकणारी मुलगी मी...

अंकलचा खेळ जुना. ‘बाय, विचार करू नको! चेंडू घे आणि लांब मार, उंच! खाली पोरी तुटून पडू देत! यल्ला!’ हरायचो आम्ही, पण गोल व्हायचे. मग नोरा आली, खेळाचं काहीतरी ॲनालिटिक्स शिकून. तिच्या टॅबवर आम्ही सगळ्या ठिपके. मी हिरवा. ‘भैरवी, लिसन, लांब किक म्हणजे चेंडू दान करणं. आडवा दे. जागा नसेल तर मागे दे. बॉल आपल्याकडेच राहिला पाहिजे.’ राहिला की! सबंध मॅच आमच्याकडेच राहिला, फक्त गोलाकडे कुणी गेलंच नाही. अंकल ओरडतायत, ‘अगो, ही मॅच आहे का पार्सल पास करण्याचा खेळ?’ नोरा ओरडतेय, ‘डॅडी, तुटून पडणं ही स्ट्रॅटेजी नसते!’ आणि चेंडू माझ्या हातात. तुम्हीच सांगा, मी मारू कुठं?

त्या दिवसापासून दोघांचा अबोला, आणि शेवटी पैज लागली. द पर्ल या इथल्या श्रीमंत वस्तीतल्या टीमशी मॅच, जिंकून देणारा पॉइंट ज्याच्या पद्धतीनं येईल तो कोच. अंकल हरले तर फ्लॅट सोडून कायमचे वसईला. नोरा हरली तर मैत्रिणीकडे राहायला. हे मला कधी सांगितलं? ताटावर! ‘भैरवी, तिला सांग, मी हरलो तर खलास, चाललो मी.’ ‘भैरवी, डॅडींना सांग, मी हरले तर मी चालले.’ अहो, नोराची आई गेल्यापासून या घरात ही दोनच माणसं! कुणीही हरलं तरी घर मोडणार, आणि दोघं शांतपणे भात कालवतायत!

मॅचला अंकल या कडेला, नोरा त्या कडेला. पर्लच्या मुली एकेक अशी उंच, की माझ्यावर सावली पडायची. शेवटचं मिनिट, पॉइंट सारखे. एवढ्यात आमच्या फियोनानं मारलेला चेंडू वरून सरळ माझ्या तोंडावर यायला लागला. मी काय केलं? किंचाळले आणि चेहरा झाकला. उघडून बघते तर चेंडू हातात! शिट्टी वाजली. हवेतला चेंडू झेलला की म्हणे तुम्हाला मोकळी किक मिळते, कुणी अंगावर यायचं नाही, समोरची हात वर करून नुसती उभी. अहो, अंगावर आली असती तर परवडलं असतं! ती शांतता! आणि त्या शांततेत दोन आवाज. ‘बाय, लांब मार!’ ‘भैरवी, आडवा दे! डावीकडे आपली नबीला मोकळी उभी आहे!’

लांब मारला तर नोरा जाणार. आडवा दिला तर अंकल जाणार. गोलाचे चार खांब आठ दिसतायत... मी मारू कुठं? मारू कुठं हो?

मारला. दोघांचंही मन राखायचं म्हणून थोडा लांब, थोडा आडवा, डोळे मिटून. चेंडू भेलकांडत गेला, दोनदा आपटला आणि कडेच्या फटीतून कसाबसा पलीकडे पडला. एक पॉइंट! भोंगा वाजला. जिंकलो! पोरी माझ्यावर पडल्या, आणि त्या ढिगाऱ्याखालून मी बघतेय, बापलेक मैदानात येतायत. दोन्ही बाजूंनी. माझ्या डोळ्यांसमोर भाड्याच्या खोल्यांच्या जाहिराती!

अंकल म्हणाले, ‘ही माझी किक नाही. असली किक मी जन्मात शिकवली नाही.’ नोरा म्हणाली, ‘माझी तर नाहीच नाही.’ म्हणजे पैज कुणीच जिंकलं नाही! मग दोघं एकमेकांकडे बघायला लागले, आणि तुम्हाला सांगते, कित्येक महिन्यांनी, मला मधे न घालता, अंकल थेट लेकीला म्हणाले, ‘नोरा, हिला लाथच मारता येत नाही गं.’

‘नाहीच येत, डॅडी,’ नोरा म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. अंकलचेही. माझेही, पण ते वेगळ्या कारणानं.

घर वाचलं. आता जेवताना दोघं छान गप्पा मारतात. विषय एकच, माझा पाय.